औषधवाल्याची डायरी

ही डायरी खरं तर खोकल्याच्या औषधाची.
मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरं, निम्मी उडालेली,
आणि प्रत्येक पानाच्या तळाशी
सकाळ-संध्याकाळ दोन चमचे, असा सल्ला.
साल जुनं आहे. त्यामुळे माझा आजचा मंगळवार
तिच्यातल्या शनिवारी येतो.
मला चालतं.

सव्वीस वर्षं परळला, शरीरशास्त्र विभागात,
दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी
मी यकृतं काढतेय.
यकृत, प्लीहा, मूत्रपिंड; उभा छेद, आडवा छेद.
लाल म्हणजे शुद्ध रक्त, निळं म्हणजे अशुद्ध
आणि प्रत्येक अवयवाला बाण.
बाणाच्या टोकाशी नाव, नावाखाली रेघ.
"सावली नको, बाई," सबनीस सर म्हणायचे,
"पोरं परीक्षेत सावलीलाच नाव देतात."

म्हणून सावल्या घरी आणल्या.
एक जानेवारीच्या पानावर
फक्त शिडीची सावली आहे.
शिडी रंगाऱ्यांनी नेली.

मग माझगावच्या आमच्या इमारतीतलं काय काय:
फिलोमिनाबाईंचा गुडघा, ज्यावर टोपली टेकून त्या वाटाणे सोलतात;
गोदीच्या भोंग्याचा रंग
(हो, भोंग्याला रंग असतो,
मला तो जस्ती दिसला, कडेला थोडा पिवळट);
पाणी जायच्या आत भरलेली सात भांडी,
सात वर्तुळं, एकात पाल.
ब्रशचं पाणी मी लगेच ओतत नाही.
एक पेला दोन दिवस पुरतो,
दुसऱ्या दिवशी सगळ्याच रंगांत
कालचं थोडं उतरतं.

एप्रिलमधली चार पानं एकमेकांना चिकटलीत.
तिथे आई आहे.
सोडवायला गेलं तर दोन्हीकडून फाटतील.
राहू देत.

नऊ जूनला भांडण.
जेवणाच्या सुट्टीत डायरी टेबलावर राहिली
आणि शवागारातल्या चांगदेव तांडेलने
सरळ बॉलपेनने, अख्ख्या पानभर
होडी काढली.
नाळ, शीड, दोन माणसं काड्यांची,
सगळं एकाच बाजूने दिसणारं, लहान पोराने काढल्यासारखं.
दोराची गाठ मात्र इतकी बिनचूक
की नखाने सोडवून पाहावी.
किती बोलले मी त्याला. काय काय बोलले.
तो म्हणाला, "पान रिकामं होतं, बाई.
मी दिवसभर तळघरात. वाटलं, जरा बाहेर जावं."

बॉलपेन खोडलं जात नाही.
मी रबर घासलं, कागद केसाळ झाला.
आठ दिवस ते पान उघडलं नाही.
नवव्या दिवशी पेल्यातलं कालचं पाणी घेतलं,
राखाडी, कशाचंच नसलेलं,
आणि होडीखाली सोडलं.
केसाळ कागदाने ते वेडंवाकडं शोषलं
आणि झालं ते भाऊच्या धक्क्याचं पाणी,
भरतीच्या अर्धा तास आधीचं, तेलकट,
जे मी दहा वेळा काढायला गेले होते
आणि दहाही वेळा फार स्वच्छ निघालं होतं.

चांगदेवला दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला.
"उथळ आहे," म्हणाला. "होडी टेकेल."
मी आणखी थोडं पाणी दिलं.

आता तक्ते छापून येतात, पडद्यावर फिरतात,
आतून-बाहेरून, बटण दाबलं की.
माझी तीन महिन्यांची नोकरी उरली.
हात जरासा कापतो, बाण सरळ जात नाही.
डायरीत बाण नाहीत.

नोव्हेंबरपासून पुढे कोरं आहे. जांभळा संपलाय.
सतरा डिसेंबरचं पान चांगदेवने मागून ठेवलंय,
काय काढणार ते सांगत नाही.
मी कोपऱ्यात पेन्सिलीने त्याचं नाव लिहिलं,
खाली रेघ मारली नाही.